रोजचे प्रोग्रॅम कळफलकावरूनच उघडायचे आहेत. तुमची मांडणी काय?

अंत्रुजवाला
मंडळी नमस्कार. पावसाळा लागला की माझ्या लॅपटॉपचा टचपॅड रुसतो. बोट एकीकडे, बाण भलतीकडे. दुरुस्तीवाला म्हणतो दमट हवा लागते. आता जुलैत फोंड्यात कोरडी हवा कुठून आणू ते त्यानेच सांगावं. बाहेरून माऊस जोडला आहे, पण टेबलावर पावत्यांचे गठ्ठे असतात, त्यात माऊस फिरवायला जागा उरत नाही.

काम हिशेबाचं. टॅली, एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ, नोटपॅड, कॅल्क्युलेटर, व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच दिवसभर उघड-बंद चालू असतं. टॅलीच्या आत माऊसची आठवणसुद्धा होत नाही: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, बोटं आपोआप पडतात. टॅलीतून बाहेर आलो की मात्र एक्सेल उघडायला पुन्हा बाणामागे धावायचं.

तर कॉपी-पेस्टचे शॉर्टकट नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. मला फक्त प्रोग्रॅम उघडण्याबद्दल हवंय. विंडोज+ई ने फाइल एक्सप्लोरर, विंडोज+आय ने सेटिंग्ज, कंट्रोल+शिफ्ट+एस्केपने टास्क मॅनेजर उघडतो एवढं माहीत आहे. टॅली, एक्सेलसारख्या आपल्या प्रोग्रॅमांना आपल्या मर्जीची की कशी लावायची?

डीटीपी_म्हापसा
मर्जीची की नंतर बघू. आधी फुकटात मिळतंय ते घ्या.

टास्कबारवर (पडद्याच्या तळाची पट्टी) जे प्रोग्रॅम कायमचे बसवले आहेत (उजवी क्लिक, पिन टू टास्कबार), त्यांना डावीकडून आपोआप नंबर मिळतात. विंडोज+१ पहिला, विंडोज+२ दुसरा, असं ९ पर्यंत. दहाव्याला विंडोज+०. बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो, समोरच असेल तर खाली जातो. विंडोज ७ पासून हे असंच चालत आलंय. विंडोज ११ मध्ये स्टार्ट, सर्च, विजेट ही बटणं मोजायची नाहीत, मोजणी त्यांच्या पुढून सुरू.

याच नंबरांना आणखी तीन शेपट्या आहेत, त्या फार कमी लोक वापरतात. शिफ्ट धरून विंडोज+२ दाबलं तर त्याच प्रोग्रॅमची नवी खिडकी. कंट्रोल धरून दाबलं तर त्याच्या उघड्या खिडक्यांतून एकेक करत फिरता येतं. आणि ऑल्ट धरून दाबलं तर त्याची अलीकडच्या फाइलींची यादी उघडते, मग बाणाने वर-खाली जाऊन एंटर. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी महिनाभर पावतीपुस्तकं, नाटकांची हँडबिलं आणि लग्नपत्रिका एकाच वेळी चालू असतात. कालची फाइल फोल्डरात शोधत बसण्यापेक्षा ऑल्टवाली यादी सोन्यासारखी. त्या यादीत फाइलसमोरची टाचणी दाबून ठेवली की ती फाइल तिथून हलत नाही.

मांडवीकाठ
+१. एक जोड देतो. टास्कबारवर न बसवलेला पण सध्या चालू असलेला प्रोग्रॅमही रांगेत शेवटी उभा राहतो आणि त्यालाही नंबर लागतो. त्यामुळे बसवलेले पाचच असतील तर विंडोज+६ वर आज एक, उद्या दुसरंच काही येईल. रोजची सातही तिथे बसवून टाका.

खाजें
अंत्रुजवाला बाब, धागा काढलात, बरें केलें. मी डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात प्रोजेक्टर लावला की माऊस शोधण्यात मुलांचा गोंगाट सुरू होतो. नंबरांचं कळलं. पण अक्षर कसं लावायचं ते कुणीतरी पायरी-पायरीने सांगा ना. "प्रॉपर्टीजमध्ये जा" एवढंच सांगून सोडू नका, तिथे गेल्यावर काय दिसतं तेही सांगा.

सत्तरीतला
खाजेंताई, नोटपॅडचं उदाहरण घेऊ.

स्टार्ट मेनूत नोटपॅड शोधा आणि त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर आणा. (पुष्कळदा नुसतं ओढून डेस्कटॉपवर सोडलं की होतं.) त्या चित्रावर उजवी क्लिक, सगळ्यात खाली प्रॉपर्टीज. "शॉर्टकट" नावाचा कप्पा उघडा. मधोमध "शॉर्टकट की" अशी ओळ दिसेल आणि तिच्यापुढच्या चौकटीत "नन" लिहिलेलं असेल. तिथे काही टाइप करायचं नाही. चौकटीत जाऊन नुसतं एन दाबा. चौकट स्वतःच "कंट्रोल + ऑल्ट + एन" लिहून टाकते. ओके करा. झालं. चुकून नको ते अक्षर दाबलं गेलं तर बॅकस्पेस, परत "नन" येतं.

कंट्रोल+ऑल्ट नको असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एन अशी जोडी स्वतः धरून दाबा, तीही घेते. विंडोज की मात्र ही चौकट घेत नाही, कितीही दाबा.

आणि तो शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरातच राहिला पाहिजे. "डेस्कटॉप फार भरलाय" म्हणून दुसऱ्या फोल्डरात हलवलात की की मेली.

खाजें
झालं! कंट्रोल+ऑल्ट+एन ने नोटपॅड उघडला. पण कॅल्क्युलेटर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या शॉर्टकटला प्रॉपर्टीजच सापडत नाही.

सत्तरीतला
ते स्टोअरमधून आलेले प्रोग्रॅम, त्यांचा वेगळा रस्ता. विंडोज+आर दाबा, छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजीत शेल, मग अपूर्णविराम, मग अ‍ॅप्सफोल्डर असं सलग लिहून एंटर. संगणकातले सगळे प्रोग्रॅम एका फोल्डरात दिसतील. हव्या त्यावर उजवी क्लिक, "क्रिएट शॉर्टकट". विंडोज विचारतं इथे करता येत नाही, डेस्कटॉपवर करू का, हो म्हणायचं. मग त्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला वर सांगितलं तसंच.

दस्तखत
थांबा थांबा. अक्षरं वाटायला लागण्याआधी एक धोक्याचा बोर्ड लावतो.

विंडोजच्या लेखी उजवा ऑल्ट म्हणजेच कंट्रोल+ऑल्ट. आपण कळफलकाच्या अमेरिकी इंग्रजी मांडणीवर टाइप करतो तोवर फरक पडत नाही. पण गोव्यात बऱ्याच जणांच्या संगणकावर आणखी मांडण्या असतात. मी पणजीत जुन्या दस्तांचं काम करतो. पोर्तुगीज काळातले विक्रीपत्र, वाटणीचे कागद वाचून उतरवायचे, म्हणून पोर्तुगीज मांडणी कायम चालू. त्या मांडणीत उजवा ऑल्ट+२ म्हणजे @ आणि उजवा ऑल्ट+ई म्हणजे €. ओळखीच्या एका वकिलांच्या कारकुनाने कॅल्क्युलेटरला कंट्रोल+ऑल्ट+२ लावलं. नंतर तो ईमेलचा पत्ता लिहायला गेला की @ च्या जागी कॅल्क्युलेटर. संगणकात व्हायरस शिरला म्हणून त्याने आख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं.

पोर्तुगीज लांब राहू द्या. इंग्रजी (इंडिया) मांडणी तर पुष्कळांच्या मशीनवर आहे, आणि तिच्यात ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट+४ वर आहे. हिशेबाचं काम करणाऱ्याने कंट्रोल+ऑल्ट+४ कशाला दिलं तर रुपया गेला.

वर्डवाल्यांनीही सांभाळा. वर्डमध्ये कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ म्हणजे हेडिंगचे तीन दर्जे, एम म्हणजे कॉमेंट, एफ म्हणजे तळटीप, सी म्हणजे ©. तुम्ही डेस्कटॉपवर लावलेली की आधी विंडोज उचलतं, वर्डपर्यंत ती पोचतच नाही.

माझा उपाय: तिन्ही धरायच्या, कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट आणि अक्षर. बोटं जरा ताणावी लागतात, पण सहसा कुणाशी भांडण नाही. आकडे तर अजिबात देऊ नका.

अंत्रुजवाला
₹ चं वाचून दचकलो, माझी मांडणी तीच आहे. दस्तखत बाब, आभार.

रिकामटेकडा_ताळगाव
एवढा खटाटोप कशाला करताय लोकहो? विंडोज की दाबा, पहिली तीन-चार अक्षरं लिहा, एंटर. सी-ए-एल-सी लिहिलं की कॅल्क्युलेटर. ना पिन, ना प्रॉपर्टीज, ना पोर्तुगीज. जगातल्या कुठल्याही विंडोजवर चालतं.

डीटीपी_म्हापसा
रिकामटेकडा बाब, तुम्ही मराठी टाइप करत नाही असं दिसतं. :)

माझ्याकडे दिवसाचे निम्मे तास इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची मांडणी) चालू असतं. मराठी मजकूर टाकताना मधेच हिशेब करायचा म्हणून विंडोज की दाबून सी-ए-एल-सी दाबलं की सर्चच्या चौकटीत उमटतं "मोतम". मोतम नावाचा प्रोग्रॅम अजून कुणी काढलेला नाही. मग सगळं पुसा, विंडोज+स्पेसने इंग्रजी करा, पुन्हा लिहा, परत मराठीत या. विंडोज+आर च्या चौकटीचंही तेच. विंडोज+५ ला मात्र तुम्ही कुठल्या भाषेत आहात याच्याशी काही देणंघेणं नाही.

रिकामटेकडा_ताळगाव
मोतम!! मान्य. मी मराठी मोबाइलवरच लिहितो, म्हणून हे ध्यानात आलं नव्हतं. इंग्रजीत काम करणाऱ्यांसाठी तरी माझा मार्ग सोपा, हे म्हणणं कायम. दुसऱ्याच्या संगणकावर बसलो तर तुमचे नंबर माझ्या काय कामाचे?

मांडवीकाठ
तेही खरं. सायबर कॅफेत किंवा वाचनालयातल्या संगणकावर मी विंडोज+आर वापरतो. नोटपॅड हे पूर्ण नाव, पेंटला एमएस जोडून पेंट, वर्डला विन जोडून वर्ड, एक्सेलला नुसतं एक्सेल. ही नावं बदलत नाहीत आणि सर्चसारखे वेबवरचे निकाल मधे घुसत नाहीत. जुन्या, हळू मशीनवर सर्चची यादी जागी होईपर्यंत ही चौकट कधीच काम उरकते.

ऐकणारा
मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) काम करतो, डोळ्यांनी पडदा दिसत नाही. त्यामुळे हा धागा तुमच्यासाठी सोयीचा, माझ्यासाठी रोजच्या रस्त्याचा.

सत्तरीतला यांनी नोटपॅडला कंट्रोल+ऑल्ट+एन दिलं, तिथे अडखळलो. ही जोडी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरची आहे. तो बसवताना डेस्कटॉपवर जो शॉर्टकट तयार होतो, त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल+ऑल्ट+एन लिहिलेलं असतं. तुम्ही हाताने करता तेच तो इन्स्टॉलर करतो, वेगळी जादू नाही. एनव्हीडीए मधेच बंद पडला तर पडदा मुका होतो. अशा वेळी तो परत उठवायचा आमचा पहिला मार्ग हाच. घरातल्या कुणी "काय हा पसारा" म्हणत डेस्कटॉपवरचं चित्र पुसलं की तो मार्ग बंद. सामायिक संगणक असेल, शाळेत असेल, तर एन सोडून दुसरं अक्षर घ्या ही विनंती.

विंडोजचा स्वतःचा वाचकही आहे, नॅरेटर: विंडोज+कंट्रोल+एंटर. भिंग हवं असेल तर विंडोज आणि अधिकचं चिन्ह. आणि टास्कबारवर कोण कितव्या नंबरावर आहे हे बघता येत नसेल, किंवा लक्षात नसेल, तर विंडोज+टी दाबून बाणाने एकेक चित्रावर जाता येतं. हवं त्यावर एंटर. अंत्रुजवाला यांचा टचपॅड रुसला असताना हेही कामी येईल.

खाजें
ऐकणारा बाब, शाळेतल्या संगणकावर लगेच बदललं. तसंही माझ्या वर्गात एक मूल कमी दृष्टीचं आहे. भिंगाचं आजच दाखवते त्याला.

सत्तरीतला
मीही बदलतो. वाचणाऱ्यांनी वरच्या माझ्या उदाहरणात एन ऐवजी जे धरावं.

फ्रंटडेस्क
कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम म्हणजे मुख्यतः वेबसाइटीच. बुकिंगची एक, बिलाची एक, परदेशी पाहुणा आला की २४ तासांत सी फॉर्म भरायचा त्याची सरकारी एक. सगळे एकाच ब्राउझरच्या टॅबमध्ये ठेवले की विंडोज+१ दाबून ब्राउझर येतो खरा, पण त्यातला हवा तो टॅब शोधण्यात पाहुणा समोर ताटकळतो.

उपाय असा केला. क्रोममध्ये ती साइट उघडून तीन टिंबांच्या मेनूतून तिला वेगळं अ‍ॅप म्हणून बसवता येतं. (एजमध्येही येतं.) मग तिची स्वतःची खिडकी, टास्कबारवर स्वतःचं चित्र, आणि अर्थातच स्वतःचा नंबर. बुकिंग १, बिल २, सी फॉर्म ३, व्हॉट्सअ‍ॅप ४. नवीन पोरगं कामावर आलं की त्याला एवढे चारच शिकवतो, आणि पाचवी विंडोज+एल. काउंटर सोडताना पडदा कुलूपबंद. पाहुण्यांचे पासपोर्ट स्कॅन केलेले असतात, त्यात गंमत नको.

एक कटकट राहिली आहे. रात्रपाळीचा माणूस चित्रं इकडची तिकडे ओढतो आणि सकाळी १ वर बिल, २ वर भलतंच. टास्कबारला कुलूप लावलं तरी चित्रं सरकतातच.

डीटीपी_म्हापसा
रात्रपाळीला त्याचं वेगळं विंडोज खातं द्या. टास्कबारची मांडणी खात्यागणिक वेगळी राहते. तो त्याची चित्रं नाचवू दे.

फ्रंटडेस्क
हे सुचलंच नव्हतं. साहेबांच्या कानावर घालतो.

जाता जाता, कंट्रोल+ऑल्टबरोबर बाणाच्या कळा देऊ नका. काही संगणकांवर, विशेषतः जुन्या इंटेल ग्राफिक्सवर, कंट्रोल+ऑल्ट+खालचा बाण दाबला की आख्खा पडदा उलटा होतो. आमच्याकडे एकाने मॉनिटरच उलटा धरून चेक-इन केलं होतं. कंट्रोल+ऑल्ट+वरचा बाण दाबला की सुलटा.

लिनक्सवाला_वास्को
विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून माझ्याकडे लोक जुने लॅपटॉप घेऊन येतात आणि मी त्यावर विंडोजच्या जागी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून देतो. त्यांच्यासाठी:

नंबरांची गोष्ट इथेही आहे. डॉकवर (उबंटूची टास्कबार) बसवलेले प्रोग्रॅम सुपर+१, सुपर+२ ने उघडतात, सुपर म्हणजे तीच विंडोजच्या चित्राची की. कंट्रोल+ऑल्ट+टी ने टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी.

अक्षर लावायचं तर सेटिंग्ज, कीबोर्ड, "व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स", तळाला "कस्टम शॉर्टकट्स". तिथे तीन गोष्टी विचारतो: नाव (काहीही द्या), आज्ञा, आणि कळा. आज्ञा म्हणजे टर्मिनलमध्ये लिहाल तीच. फायरफॉक्सला नुसतं फायरफॉक्स. लिबरऑफिसचं एक्सेलसारखं पान हवं तर लिबरऑफिस, मग मोकळी जागा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून कॅल्क. मजकुराला कॅल्कच्या जागी रायटर. सगळं इंग्रजी छोट्या लिपीत.

विंडोजपेक्षा इथे बरं काय, तर ही चौकट सुपर कीसुद्धा घेते. आणि दुसऱ्या कशाला ती जोडी आधीच दिलेली असेल तर तोंडावर सांगते, अमक्याची आहे, बदलू का? दस्तखत बाबांचा कारकून इथे वाचला असता.

सोंपी_वाट
मॅकवाले कोणी नाहीत का? कमांड+स्पेस, स्पॉटलाइट, नाव, एंटर. संपलं.

मांडवीकाठ
मॅकवर मोतम नाही का होत?

सोंपी_वाट
होतं की. :( म्हणून मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून (२०२१) आलेलं शॉर्टकट्स नावाचं अ‍ॅप वापरते. त्यात "ओपन अ‍ॅप" ही एकच कृती टाकायची, अ‍ॅप निवडायचं आणि बाजूच्या माहितीच्या कप्प्यात "अ‍ॅड कीबोर्ड शॉर्टकट". पाच मिनिटांचं काम.

अंत्रुजवाला
आता माझी अडचण ऐका. टास्कबार लावला, फक्कड चाललंय. एक्सेलची एक ठरावीक फाइल आहे, रोजची रोकडवही, तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर करून त्याला कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+आर दिलं. (हो, फाइलीलाही चालतं, नुसत्या प्रोग्रॅमला नाही. कुणी लिहिलं नव्हतं म्हणून सांगतो.) पण दाबल्यावर कधी चटकन उघडते, कधी दाबून ठेवून दोन घोट चहा होतो तेव्हा उघडते. विंडोज+नंबर कधीच असा रेंगाळत नाही. काय भानगड?

सत्तरीतला
ही जुनी खोड आहे. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची की दाबली की ती एक्सप्लोररकडे जाते, आणि एक्सप्लोरर आधी उघड्या खिडक्यांना विचारत सुटतो की ही की तुमच्यापैकी कुणाची आहे का, म्हणजे असेल तर नवी न उघडता तीच समोर आणता येईल. त्या खिडक्यांपैकी एखादी अडकलेली असेल, उत्तरच देत नसेल, तर तो तिच्या उत्तराची वाट बघत थांबतो. तोवर तुमचा चहा.

बघायचं एवढंच: मागे काही गोठून पडलंय का. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जची खिडकी खाली करून ठेवलेली असली तरी पुष्कळदा हे होतं, कारण विंडोज तिला पाठीमागे झोपवून टाकतं. ती नीट बंद करा आणि मग दाबून बघा.

अंत्रुजवाला
सेटिंग्जच होतं! टचपॅडचं काहीतरी बदलायला उघडलं होतं ते तसंच खाली पडलेलं. बंद केलं, आता लगेच उघडते.

दस्तखत
ज्यांना हा रेंगाळा नकोच, त्यांनी मायक्रोसॉफ्टचंच मोफत पॉवरटॉइज बघावं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये एखादी जोडी प्रोग्रॅम उघडायला लावता येते, विंडोज कीसकट. ऑटोहॉटकी हा आणखी जुना आणि ताकदीचा मार्ग, २००३ पासूनचा. पण त्यात आज्ञा लिहाव्या लागतात, आणि दुसऱ्या आवृत्तीची भाषा पहिलीपेक्षा वेगळी आहे. नेटवर सापडलेला जुना तुकडा जसाच्या तसा चिकटवला की तो चुका दाखवतो, मग लोक ऑटोहॉटकीला नावं ठेवतात. शिवाय ऑफिसच्या संगणकावर बाहेरचं काही टाकायला बहुतेक परवानगी नसते. तिथे आपले नंबर आणि प्रॉपर्टीजच बरे.

रिकामटेकडा_ताळगाव
नवा लॅपटॉप घेतला, त्यावर उजव्या बाजूला कोपायलटची (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) की आहे. मला त्याचा काडीचा उपयोग नाही. ती दुसऱ्या कशाला लावता येईल का?

दस्तखत
येईल. ती की प्रत्यक्षात विंडोज+शिफ्ट+एफ२३ एवढंच पाठवते. एफ२३ आपल्या कळफलकावर नसतोच, म्हणून ती जोडी मोकळी सापडली त्यांना. पॉवरटॉइजमध्ये ती जोडी पकडून हवा तो प्रोग्रॅम द्या.

विंडोजची की १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका वाकड्या कळफलकावर पहिल्यांदा आली. त्यानंतर २०२४ मध्ये ही कोपायलटची. मधे एकदा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची (वर्ड, एक्सेल वगैरे) म्हणून एक की काढली होती, ती फार चालली नाही, पण तिचं भूत विंडोजमध्ये अजून आहे. कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+विंडोज चारही धरून डब्ल्यू दाबा, वर्ड उघडेल. एक्स ने एक्सेल, पी ने पॉवरपॉइंट. आणि एल ने लिंक्डइन! चार कळा धरून लिंक्डइन कोण उघडतो देव जाणे.

खाजें
दाबून बघितलं, खरंच लिंक्डइन उघडलं! वर्गात पोरं खो-खो हसली.

आमच्या शाळेची मांडणी देते, इतर शिक्षकांना उपयोगी पडेल. विंडोज+१ पाठांचे व्हिडिओ असलेला फोल्डर. फोल्डर थेट टास्कबारवर बसत नाही, म्हणून त्याचा शॉर्टकट करून प्रॉपर्टीजमध्ये "टार्गेट"च्या ओळीत सगळ्यात आधी इंग्रजीत एक्सप्लोरर लिहिलं, एक मोकळी जागा सोडली, मग तो टास्कबारवर बसला. विंडोज+२ ब्राउझर, ३ पेंट, ४ वर्ड. मुलांना चार कळांवर चिकटपट्टीचे रंगीत ठिपके लावून दिलेत. पहिलीतली पोरं सुद्धा "बाई, हिरवा दाबू?" विचारतात. पेंटचा हिरवा आहे, म्हणून.

फ्रंटडेस्क
ठिपक्यांची आयडिया उचलतो. रात्रपाळीवाल्यासाठी.

अंत्रुजवाला
एक शेवटचं विचारतो. कॅल्क्युलेटरला अ‍ॅप्सफोल्डरच्या मार्गाने कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+के दिलं. दर वेळी दाबलं की नवा कॅल्क्युलेटर उघडतो, आधीचा समोर येत नाही. संध्याकाळपर्यंत पडद्यावर कॅल्क्युलेटरांची पंगत बसलेली असते.

डीटीपी_म्हापसा
त्या शॉर्टकटने नवाच उघडणार. की काढून टाका आणि कॅल्क्युलेटर टास्कबारवर बसवा, मग विंडोज+नंबर उघडा असलेलाच समोर आणतो. उघडलेली पंगत उठवायला टास्कबारवरच्या त्याच्या चित्रावर उजवी क्लिक, "क्लोज ऑल विंडोज". टचपॅड ऐकत नसेल तर विंडोज+ऑल्ट आणि त्याचा नंबर, यादीत ती ओळ खाली असते, बाणाने जाऊन एंटर. आणि टॅलीत असताना तर बाहेरचा कॅल्क्युलेटर लागूच नये. टॅलीचा आतला कंट्रोल+एन ने उघडतो.

अंत्रुजवाला
कंट्रोल+एन माहीत होता हो, पण एक्सेलमध्ये असताना टॅलीत कोण जाईल? बसवला टास्कबारवर, ७ नंबर.